ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर व्हायचंय? आधी लघवीचा चार्ट वाचायला शिका

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) करून अवयवदानाच्या या कामाकडे वळणाऱ्या मुलामुलींना वाटतं, नातेवाइकांना समजावलं, सही घेतली की झालं. पण मेंदूमृत दात्याची किडनी पुढे कशी चालणार, हे बरंचसं त्यानंतरच्या तासांत ठरतं. पात्रतेचं फार टेन्शन घेऊ नका. अवयव प्रत्यारोपणाच्या २०१४ च्या नियमांत नर्सिंग, वैद्यकीय किंवा इतर कुठल्याही शाखेची पदवी चालते.

ब्रेन-स्टेम डेथच्या, म्हणजे मेंदूमृत्यूच्या, दोन तपासण्यांत किमान ६ तासांचं अंतर लागतं. तेवढ्यात आयसीयूत एक ढिलाई येते, 'आता काय उरलंय' अशी. नेमकी तेव्हाच किडनी सांभाळायची असते. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन (लघवीवाटे जाणारं पाणी रोखणारं हार्मोन) येणं थांबलं की युरोबॅग पाण्यासारख्या लघवीने भराभर भरते. नवख्याला वाटतं, वा, लघवी छान होतेय! पण सोडियम चढत असतो, बीपी घसरत असतो. औषध ठरवणं आपलं काम नाही. दर तासाचा आकडा बघून इंटेन्सिव्हिस्टना (आयसीयूच्या डॉक्टरांना) फोन करणं मात्र आपलंच. सिस्टरशी गोड राहा, चार्ट त्यांच्याच हातात असतो.

अपघाताची केस असेल तर पोलीस आणि पोस्टमॉर्टेमवाल्यांना आधीच कळवून ठेवा.

ग्रीन कॉरिडॉरचा फोटो पेपरात येतो, पण माझ्या मते किडनीचा वेळ रस्त्यापेक्षा क्रॉसमॅचच्या (दात्याचं आणि पेशंटचं जुळतं का, या रक्ततपासणीच्या) रिपोर्टची वाट बघण्यात जास्त जातो. परदेशात किडनीतून द्रव फिरवत ठेवणाऱ्या पंपावर किडनी ठेवतात, त्याचा फायदाही सिद्ध झालाय. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी अजून आइसबॉक्सच. बर्फावरचा प्रत्येक तास महाग. म्हणून दात्याचं रक्त किडनीच्या कितीतरी आधी लॅबला पोचवा.

झेडटीसीसीच्या (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) यादीत वर असलेला पेशंट रात्री दोनला फोन उचलत नाही, हे नेहमीचंच. दोन-तीन पर्यायी नंबर घेऊन ठेवा. विचारायचं काय? शेवटचं डायलिसिस कधी झालं, ताप आहे का, आणि मध्यंतरी रक्त चढवलं का. हा शेवटचा प्रश्न हमखास राहतो. रक्त चढवल्याने नव्या अँटिबॉडीज तयार होऊ शकतात आणि जुना अँटिबॉडी रिपोर्ट निरुपयोगी ठरतो.

ऑपरेशननंतर पहिल्या आठवड्यात पुन्हा डायलिसिस लागलं, तर घरच्यांना वाटतं किडनी गेली. अशा बऱ्याच किडन्या नंतर चालू होतात, हे ऑपरेशनआधीच सांगा.

टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणूनच्या औषधाची) रक्तातली लेव्हल सकाळच्या गोळीआधी बघायची असते. पेशंट मात्र घरून गोळी घेऊनच येतात. 'गोळी डबीत आणा, रक्त दिल्यावर घ्या' हे प्रत्येक वेळी तोंडाने सांगा. डिस्चार्ज कार्डावरचं कुणी वाचत नाही.