ओपनसूसे बिल्ड सर्व्हिस: पहिलं पॅकेज आधी आपल्या मशीनवर बांधा

ओपनसूसे बिल्ड सर्व्हिस म्हणजे लिनक्ससाठी इन्स्टॉल करता येणारी सॉफ्टवेअर पॅकेजं बांधून देणारी ऑनलाइन सेवा. तिथे खातं उघडलं की स्वतःचा ‘होम’ प्रोजेक्ट मिळतो. त्यात सुरुवातीला एकच रिपॉझिटरी (ज्या लिनक्ससाठी बांधायचं त्याचा पॅकेजसाठा) जोडा, ओपनसूसेची टम्बलवीड आवृत्ती पुरे. फेडोरा, डेबियन ही दुसरी लिनक्स नंतर. नाहीतर एकाच चुकीचे चार लॉग (बिल्डच्या म्हणजे बांधणीच्या नोंदी) वाचत बसाल.

‘ओएससी’ हे कमांड-लाइन साधन घ्या. सोर्सची टारबॉल (सगळा कोड एकत्र बांधलेली फाइल) आणि स्पेक फाइल (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी) एका फोल्डरात ठेवून आधी ‘ओएससी बिल्ड’ चालवा. आपल्या मशीनवर पास झालं की ‘ओएससी अ‍ॅडरिमूव्ह’ (नव्या आणि काढलेल्या फाइल्सची नोंद), मग ‘ओएससी कमिट’ (सर्व्हरवर चढवणं).

नवखे अडकतात ते इथे: सर्व्हरवरचं बिल्ड कोऱ्या वातावरणात होतं, तिथे इंटरनेट नसतं. बिल्डच्या मधेच काही डाउनलोड करणारी मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) हमखास पडते, म्हणून लागणारं सगळं सोर्ससोबतच चढवा. तुमच्या मशीनवर आधीपासून असलेली लायब्ररीही तिथे नसते. ती स्पेकमधल्या ‘बिल्डरिक्वायर्स’मध्ये (बिल्डला काय काय लागतं त्या यादीत) लिहावीच लागते. उदाहरणार्थ झेडलिब ही लायब्ररी हवी असेल तर शक्यतो ‘पीकेजीकॉन्फिग(झेडलिब)’ असं लिहा, पॅकेजचं नाव डिस्ट्रोगणिक (लिनक्सच्या प्रकारागणिक) बदलतं.

स्थिती ‘अनरिझॉल्व्हेबल’ दिसली तर लॉग शोधू नका, बिल्ड सुरूच झालेलं नसतं. ‘बिल्डरिक्वायर्स’मधलं नाव चुकलंय किंवा रिपॉझिटरी कमी आहे. ‘फेल्ड’ असेल तरच लॉग उघडा, आणि तळापासून वर वाचा. ‘अनपॅकेज्ड फाइल्स’ची तक्रार असेल तर त्या फाइल्स स्पेकच्या ‘फाइल्स’ विभागात लिहायच्या राहिल्यात.