घरमालकीण आणि गूढ किरायदार: विदर्भातल्या गावात थरारकथा रचताना या चुका टाळा

पावसाळी रात्र, दारावर थाप, हातात एकच पेटी घेतलेला अनोळखी माणूस आणि कंदील घेऊन दार उघडणारी एकटी घरमालकीण. नव्या लेखकांची हस्तलिखितं मी काही वर्षं वाचते आहे आणि हा पहिला परिच्छेद माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. विदर्भातल्या दोन-तीन हजार वस्तीच्या गावात असं घडत नाही. माणूस एसटीतून उतरला की पानठेल्यावरच कोणीतरी विचारतं, "कोणाकडे आले जी?" तिथून घरमालकीण काकूच्या फाटकापर्यंत आणखी दोघं विचारतात. तो पोचायच्या आधी शेजारचं पोरगं धावत येऊन काकूला सांगून गेलेलं असतं.

हा कथाप्रकार मला मनापासून आवडतो, म्हणून त्यातल्या चुका जास्त टोचतात. आमच्या घरीही मागच्या दोन खोल्या किरायानं असत. बंद दारामागच्या माणसाविषयी घरातल्या बाईच्या मनात काय काय फिरतं, हे मी लहानपणी जवळून पाहिलं आहे.

"त्याच्याबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं"

हे वाक्य दिसलं की खोडा. शहरातल्या फ्लॅटमध्ये ते चालेल, गावात नाही. गावात पोलीस पाटील असतो. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याच्यावर जबाबदारी आहे, आणि नवा माणूस कोण याची चौकशी त्यानं कायदा नसता तरी केली असती. आशाताई घरोघरी जाते. दूधवाला रतीब कधी वाढला ते सांगतो. किराया फोनपेवर आला तर पाठवणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं, आणि ते नाव त्यानं सांगितलेल्या नावाशी जुळलं नाही तर कादंबरीचं एक प्रकरण तुम्हाला आयतं मिळालं.

दुरुस्ती अशी: माहिती लपवू नका, उलट भरपूर द्या, पण ती एकमेकींशी जुळू देऊ नका. पानठेलेवाला म्हणतो, तो जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर आहे. आशाताई म्हणते, बायको बाळंतपणाला माहेरी गेली. किराणावाल्याकडे तो दोन माणसांचं सामान नेतो. तिघंही खोटं बोलत नाहीत, प्रत्येकाला त्यानं जे सांगितलं तेच ते सांगतात. तीन खऱ्या माणसांच्या तीन गोष्टी घेऊन काकू रात्री बंगईवर, म्हणजे झोपाळ्यावर, बसते, तेव्हा भीती सुरू होते.

तो या गावात राहतोच कशाला?

सगळ्यात जास्त हस्तलिखितं इथे कोसळतात. लेखकाला गूढ माणूस हवा असतो, म्हणून तो त्याला गावात आणून ठेवतो. पण नोकरीवाला माणूस आता खेड्यात सहसा राहत नाही. मास्तर, ग्रामसेवक, बँकेचा कारकून, सगळे तालुक्याहून नाहीतर जिल्ह्याहून अपडाऊन करतात. मुलांच्या शाळा तिकडे असतात, बायकोची नोकरी तिकडे असते. मग ज्यानं अपडाऊन न करता खोली घेतली, त्याच्याकडे कारण असलंच पाहिजे आणि ते गावाला पटलं पाहिजे. कापसाच्या हंगामातला खरेदीवाला पटतो, मोबाइल टॉवरचा माणूस पटतो. बचत गटांच्या कर्जाची वसुली करणारा पटतो, आणि त्याला पाहून बाया आधीच दार लावून घेतात. समृद्धी महामार्गाचं काम चालू होतं त्या वर्षांत आसपासच्या गावांत कितीतरी परप्रांतीय कामगार खोल्या घेऊन राहिले. तो काळ घेणार असाल तर लक्षात ठेवा, नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. त्यानंतरच्या कथेत त्या टप्प्याच्या बांधकामावरचा मजूर दाखवला तर वाचक थांबेल.

पण माझ्या मते या मातीतलं खरं बीज वेगळंच आहे, आणि त्याला अजून कोणी नीट हात घातलेला माझ्या वाचनात आला नाही. कर्मचाऱ्यानं मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावी, राहावं असा नियम आहे. घरभाडे भत्त्यासाठी तो गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव मागितला जातो. त्यामुळे कागदावरचा किरायदार जन्माला येतो. खोली गावात, माणूस तालुक्यात, आणि काकू दर महिन्याला पावतीवर सही करते. सगळ्यांना माहीत असतं, कोणी बोलत नाही. आता कल्पना करा, दोन वर्षं ज्या मास्तरच्या नावानं तिनं पावत्या फाडल्या, त्याच नावाचा एक माणूस एका संध्याकाळी किल्ली मागायला येतो. तो खरा मास्तर नाही हे तिला दिसतं. पण ओरडून सांगायची सोय नाही, कारण तिच्याच सहीच्या चोवीस पावत्या म्हणतात की हा माणूस तिच्याकडे राहतो.

इथे दाराला कुलूप घालावं लागत नाही. तिच्या स्वतःच्या लहानशा खोटेपणानंच तिला कोंडलं आहे. हस्तलिखित मध्यावर अडकलं असेल तर आधी हेच तपासा: घरमालकीण त्याला घराबाहेर का काढू शकत नाही? "घाबरली म्हणून" हे उत्तर पुरत नाही.

बिचारी विधवा

विदर्भ म्हटलं की लेखक घरमालकिणीला आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याची बायको करतात, पहिल्या पानावर दोन ओळींत नवऱ्याचं मरण उरकतात आणि पुढे ती फक्त थरथरत राहते. हे मला सहन होत नाही. ज्या घरात हे घडलं त्या घरातल्या बाईनं तहसीलच्या किती चकरा मारल्या असतात याची कल्पना लिहिणाऱ्याला हवी. मदत १ लाखाची, त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत, आणि तीही प्रकरण 'पात्र' ठरलं तरच. कर्ज परवाना नसलेल्या सावकाराचं निघालं तर कागदावर 'अपात्र' असा शेरा पडतो. तो शेरा वाचलेली बाई अनोळखी माणसाला पाहून दचकत नाही. कोणत्या कागदाला किती किंमत असते हे तिला लेखकापेक्षा चांगलं कळतं. किरायाचे दीड-दोन हजार म्हणजे तिचा गॅस, लाइट बिल आणि पोराची फी. त्या पैशापायी ती एकेक खूण पाहूनही न पाहिल्यासारखी करते, आणि मनोविश्लेषण हवं असेल तर ते तिथेच आहे. तिला शंका कमी येते असं नाही. आलेली शंका ती दर महिन्याच्या पाच तारखेला गिळते.

तिच्या आठवणीवरचा संशय मात्र सांभाळून लिहा. "तिला भास होत होते" असं लिहून मोकळं होणं ही पळवाट आहे. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. मग काहींना 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा' असा प्रश्न विचारला, काहींना 'जोरात आदळल्या तेव्हा' असा. आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, 'लागल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७. प्रश्नातल्या एका शब्दानं आठवण बदलते. हे गावात रोज घडतं. शेजारीण "तो रातीचा केव्हा आला?" असं विचारत नाही, "रातीचा कोणाले घेऊन आला वो?" असं विचारते. आठ दिवसांनी काकूला दोन जोडी चपलांचा आवाज आठवू लागतो, आणि वाचकालाही. मागे जाऊन ते पान पुन्हा वाचल्यावर तिथे एकच जोडी सापडली पाहिजे.

धुकं नको, मे महिना घ्या

थरारासाठी धुकं, पाऊस, घुबड हे सगळं उसनं वाटतं. इथली भीती भर दुपारची आहे. पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी एक ते चार गल्लीत कुत्रंही दिसत नाही. खिडकीत लोखंडी कूलर घरघरत असतो, आणि तो चालू असताना शेजारच्या खोलीतला माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. मग लाइन जाते. पंखा मंदावत थांबतो, ताटीतून ठिबकणारं पाणी ऐकू येतं, आणि पलीकडून मघाचपासून चाललेलं काहीतरी एकदम थांबतं. यापेक्षा भीतीदायक शांतता मला माहीत नाही.

रात्रीचंही तसंच. किरायदार रात्री दोनला बॅटरी घेऊन बाहेर पडतो म्हणून गाव संशय घेतं, असं लिहू नका. कृषिपंपांची लाइन आळीपाळीनं रात्री येते, रब्बीत हरभऱ्याला ओलित करायला अर्धं गाव वावरात असतं, डुकरांपासून पीक राखायला जागलीवर माणसं असतात. संशय घ्यायचा तर उलट घ्या: सगळे बाहेर असताना तो घरात का?

बोली

प्रत्येक पात्राच्या तोंडी 'काऊन बे' घालून वऱ्हाडी होत नाही. 'बे' हा बरोबरीच्या पोरांतला शब्द आहे. साठीची काकू मास्तरला तो वापरणार नाही, ती "कुठी गेल्ते जी सर, येवढ्या रातीचे?" असं विचारेल. आणि विदर्भाची बोली एकच नाही. वऱ्हाडात 'डोळा' अनेकांच्या तोंडी 'डोया' होतो, तिकडे भंडारा-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत 'डोरा'. किरायदार स्वतःला अकोल्याचा म्हणवतो आणि तापात बरळताना 'डोरा दुखते' म्हणतो, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

संबोधनंही हत्यारासारखी वापरा. तो तिला पहिल्या महिन्यात 'काकू' म्हणतो, तिसऱ्यात 'बाई', आणि एका सकाळी तिला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारतो. ते नाव गावात कोणाला माहीत नाही.

थोडक्यात आटोपण्यासारख्या चुका

चहातून कीटकनाशक पाजलं आणि समजलंच नाही, हे लिहू नका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्या औषधांचा वास इथल्या वाचकाच्या नाकात आहे. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका देहात दोन माणसं नव्हेत, ती गल्लत काढून टाका. गावानं किरायदारावर करणीचा आळ घेतला तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आळ घेणाऱ्यावर दाखल होतो. त्या पोलीस पाटलाला मग कोणाच्या बाजूनं उभं राहावं लागेल याचा विचार करा. घराचा नकाशा कागदावर काढा: सपरी (ओसरी), माजघर, किरायाची खोली, अंगणाच्या टोकाला न्हाणी आणि संडास, आणि खोलीची कडी कोणत्या बाजूनं. एका हस्तलिखितात तिसऱ्या प्रकरणात आतून असलेली कडी अकराव्यात बाहेरून लागली होती, आणि सगळं रहस्य त्या कडीवरच बेतलेलं होतं.

शेवट

शेवटी डायरी सापडते, किंवा नागपूरहून मनोरुग्णालयाची फाइल येते आणि सगळं उलगडतं. दोन्ही काढून टाका. ज्या गोष्टींनी वाचकाला दोनशे पानं अस्वस्थ ठेवलं, त्याच गोष्टींतून उत्तर आलं पाहिजे. पावत्यांची कथा असेल तर पावतीतून, आवाजांची असेल तर आवाजातून. मृगाचा पहिला पाऊस पडतो, कूलर बंद होतो, आणि अडीच-तीन महिन्यांनी काकूला भिंतीपलीकडचं पहिल्यांदा स्वच्छ ऐकू येतं. तिला नेमकं काय ऐकू आलं, हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवून ठेवा.