नव्या सिस्टरला कुणी शिकवलंच नाही तर

ट्रेनिंग म्हणून दोन दिवस कुणाच्या तरी मागे फिरवतात आणि तिसऱ्या दिवशी नाइटला एकटीवर वॉर्ड सोपवतात. अशा वेळी ‘येईल हळूहळू’ म्हणत गप्प बसू नका. जे काम कधी केलेलं नाही, तिथे सरळ सांगा, “सिस्टर, पहिल्यांदाच करतेय, जरा शेजारी थांबता का?” कुरकुर होईल, होऊ द्या.

सगळ्यात जास्त जपायचं ते इन्सुलिनला. वायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, 40 युनिट प्रति मिलीची असते, तशी 100 चीही असते. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. 100 च्या वायलमधून लाल सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलंत, तर पेशंटच्या अंगात 50 युनिट जातील. आधी लेबल वाचा, मग सिरिंज उचला.

सलाईनचं गणित: मिली गुणिले सेटचे एका मिलीमागचे थेंब, भागिले मिनिटं. 20 थेंबांच्या सेटने 500 मिली 4 तासांत द्यायचं, तर मिनिटाला साधारण 42 थेंब. पोटॅशियम क्लोराइड मात्र थेट शिरेत कधीच नाही. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या आणि डॉक्टरांना वाचून दाखवा.

आणि आपल्या सोलापुरातलं खास: “तुम्ही नागम्माच ना?” असं विचारू नका. तेलुगू किंवा कन्नड बोलणारी म्हातारी माणसं कशालाही मान डोलावतात. तेलुगूत “मी पेरु एमिटी?”, कन्नडमध्ये “निम्म हेसरु एनु?”, म्हणजे ‘तुमचं नाव काय?’, एवढं पाठ करा, नाव त्यांच्याच तोंडून ऐका आणि केसपेपरशी ताडून बघा.