वाल दोर्चा: तोस्कानाच्या खेड्यांतली सुट्टी कशी आखावी

इटलीतल्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या वाल दोर्चा खोऱ्याला २००४ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. टूर कंपन्या ते एका दुपारीत उरकतात. ती दुपार वगळली तरी चालेल, पण जायचंच असेल तर निदान चार रात्री काढा.

आधी महिना ठरवा. एप्रिल-मेमध्ये गव्हाची शेतं हिरवीगार असतात, जूनअखेर पिवळी पडतात आणि कापणीनंतर उरते नांगरलेली करडी माती. ऑगस्टमध्ये ऊन आणि इटालियनांची स्वतःची सुट्टी, म्हणून गर्दी. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्टीत मे महिना अगदी नेमका बसतो. त्यासाठी शेंगेन व्हिसाचं काम जानेवारी-फेब्रुवारीतच हाती घ्या. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतोच.

मग मुक्काम. हॉटेलऐवजी ‘आग्रितुरिस्मो’ बघा, म्हणजे चालत्या शेतावरची राहण्याची सोय. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर मिळतं आणि घरचं ऑलिव्ह तेलही. पिएन्झा किंवा सान क्विरिको दोर्चाच्या आसपास एकच जागा धरा, रोज बॅगा भरू नका. माँतेपुलचानो, माँताल्चिनो, बान्यो विन्योनी सगळं तासाभराच्या आत आहे.

गाडीशिवाय इथे हाल होतात. रोम-फ्लोरेन्स मार्गावरच्या क्युझी स्टेशनपर्यंत रेल्वे आहे, पुढे बस मोजक्याच. निघण्यापूर्वी आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, मूळ लायसन्सही जवळ ठेवा. तिकडे गाडी उजव्या बाजूने चालवायची असते. ऑटोमॅटिक गिअरची हवी असेल तर लवकर बुक करा. आणि गावाच्या वेशीवर लाल वर्तुळाची, ‘झेड-टी-एल’ (म्हणजे बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेला भाग) लिहिलेली पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो, दंडाची चिठ्ठी कित्येकदा तुम्ही घरी परतल्यावर येते. गाडी तटाबाहेर लावून चालत जा, गावं तशीही दहा मिनिटांची.

दिवसाला एक गाव, फार तर दोन. पिएन्झाला सकाळी लवकर पोहोचा. पोप पायस दुसरा याने १४५९ पासून आपलं जन्मगाव रोस्सेल्लीनो या वास्तुकाराकडून नव्याने बांधून घेतलं, तेच हे. चौक पाहून मागच्या तटावर या, समोर अख्खं खोरं आणि पलीकडे माँते आमियाता हा डोंगर. बान्यो विन्योनीच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचं कुंडच आहे, त्यात उतरायला मात्र बंदी. डुंबायचं असेल तर बान्यी सान फिलिप्पोच्या रानातले पांढरे झरे गाठा, तिथे तिकीट नाही.

शाकाहारी लोकांनी ‘पीची’ मागवावी: पीठ-पाण्याची, हाताने वळलेली, जाड शेवयांसारखी. ‘आल्’आल्योने’ म्हणजे टोमॅटो आणि भरपूर लसूण. ‘सोनो वेजेतारियानो’ (बाईने ‘वेजेतारियाना’) असं आधीच सांगा आणि सूप मांसाच्या पाण्यात शिजवलंय का, ते विचारा. पिएन्झाचं पेकोरिनो चीज मेंढीच्या दुधाचं, पण ते विरजायला बहुधा प्राण्यांच्या जठरातून काढलेलं रेनेट वापरतात. कडक पाळणाऱ्यांनी चौकशी करावी. पाव अळणी लागेल, इकडची रीतच ती. दुपारी अडीचनंतर स्वयंपाकघरं बंद होतात आणि रात्री साडेसातच्या आत क्वचितच उघडतात. मुलं बरोबर असतील तर खाऊचा डबा गाडीत असू द्या.