‘सेशन छान झालं, मॅडम’ : समुपदेशन केंद्रात इंटर्न्स घेताय? या चुका टाळा

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.च्या पहिल्याच वर्षात ऑन-जॉब ट्रेनिंग आलं आणि विद्यापीठांच्या समुपदेशन केंद्रांत मानसशास्त्राच्या इंटर्न्सची गर्दी वाढली. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. मुलं हुशार असतात, वाचून आलेली असतात, तरी दर वर्षी गाडी त्याच ठिकाणी अडते. कारण शोधायला गेलं तर बोट बहुतेक वेळा आपल्याकडेच, म्हणजे सुपरवायझरकडेच वळतं. बंद दाराआड काय बोलणं झालं ते आपण ऐकत नाही. नंतर कानावर येतं तेवढ्यावर सही करून मोकळे होतो.

रिपोर्टवर विसंबणं

इंटर्नच्या नोंदीत लिहिलेलं असतं: ‘क्लायंटचे म्हणणे सहानुभूतीने ऐकून घेतले. भावनिक आधार दिला.’ वाचायला बरं वाटतं. आता त्याच सेशनमधली दहा मिनिटं शब्दशः लिहून आणायला सांगा. साधारण असं काहीतरी हाती येतं:

मुलगा : दोन बॅकलॉग राहिलेत, घरी माहीत नाहीये. बाबांचा फोन आला की पोटात गोळा येतो.
इंटर्न : पण ते तुझ्या काळजीपोटीच फोन करतात ना?
मुलगा : हो... ते आहेच.

‘ते आहेच’ म्हणून मुलाने दार लावून घेतलं. पुढची वीस मिनिटं अभ्यासाच्या टाइमटेबलवर गेली. इंटर्नने रिपोर्ट खोटा लिहिलेला नाही, तिला मनापासून वाटतंय की आपण आधार दिला. म्हणूनच रिपोर्ट कितीही बारकाईने वाचला तरी ही चूक सापडत नाही.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात. आठवड्याला एका केसची शब्दशः नोंद, ती सेशन झाल्या दिवशीच लिहिलेली. दोन दिवसांनी लिहिली की इंटर्नची वाक्यं आपोआप शहाणी होतात. क्लायंटने लेखी संमती दिली तर ऑडिओ. सुरुवातीच्या काही सेशन्सना तुम्ही स्वतः खोलीत बसा.

मग चर्चेत ‘हे चुकलं’ म्हणण्याआधी एवढंच विचारा: गोळा येतो म्हणाला तेव्हा तुला काय झालं? बऱ्याचदा इंटर्नच्याही घरी तसेच बाबा असतात आणि ती नकळत त्यांची बाजू घेऊन बोललेली असते. अमेरिकी समुपदेशनतज्ज्ञ जॅनिन बर्नार्ड यांनी १९७९ साली सुपरवायझरच्या तीन भूमिका मांडल्या: शिक्षक, समुपदेशक, सल्लागार. यातली मधली भूमिका जपून वापरायची. त्या एका सेशनपुरतं विचारा आणि थांबा. इंटर्नला स्वतःसाठी मदत हवी असेल तर ती बाहेरच्या समुपदेशकाकडून, कारण तिचे मार्क तुमच्या हातात आहेत.

मार्कांचा हा मुद्दा आपण हलक्यात घेतो. ज्यांच्या सहीवर क्रेडिट अवलंबून आहेत त्यांच्यासमोर फसलेली दहा मिनिटं कोण आणून ठेवेल? शब्दशः नोंदींना गुण नाहीत हे पहिल्याच दिवशी सांगा आणि ‘जिथे अडकलीस तोच भाग आण’ अशी मागणी करा. क्लायंटची परवानगी असेल तर स्वतःचं एखादं सेशन इंटर्न्सपुढे ठेवा आणि त्यांना चुका काढू द्या. काढतात, आणि चांगल्या काढतात.

आत्महत्येबद्दल आडून विचारणं

‘मनात काही वेडेवाकडे विचार येतात का?’ या प्रश्नाला बहुतेक मुलं ‘नाही’ म्हणतात. विचारल्याने डोक्यात कल्पना भरेल, ही भीती इंटर्न्सच्या मनात घट्ट बसलेली असते. तसं होत नाही, हे सांगून भागत नाही. रोल-प्लेमध्ये ते वाक्य तोंडातून काढून घ्यावं लागतं. ‘जीव द्यावा असं मनात येतं का? कसा, ते ठरवलं आहेस का?’ मराठीत, मोठ्याने, न अडखळता म्हणता येईपर्यंत एकट्याने केस देऊ नका.

दुसरा घोळ कागदावर होतो. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत बेरीज ७ आली म्हणून इंटर्न ‘सौम्य’ असं लिहून फाइल लावते. नवव्या प्रश्नावर, म्हणजे मरण किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांवर, १ आहे हे बेरजेत बुडून जातं. नववा प्रश्न आधी पाहायचा, बेरीज नंतर. तिथे शून्याखेरीज काहीही असेल तर क्लायंट खोलीत असतानाच सुपरवायझरला बोलवायचं.

आणि सुपरवायझर नॅकच्या बैठकीत असेल तर? पर्यायी माणसाचं नाव आणि नंबर भिंतीवर हवा. रात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ क्लायंटच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. मात्र नंबर दिला म्हणजे आपलं काम संपलं, असं इंटर्नला वाटू देऊ नका.

‘हे आपल्या दोघांतच राहील’

हे आश्वासन इंटर्नने देऊच नये. ती सुपरवायझरशी बोलणार आहे आणि जिवाला धोका असेल तर आणखी कुणाशी तरी बोलावं लागेल. शिवाय कॅम्पसवर ज्युनियर कॉलेज असेल तर समोरचा मुलगा किंवा मुलगी अठराच्या आतली असू शकते. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली की पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे इंटर्नला क्लायंटच्या तोंडून ऐकल्यावर कळलं तर फार उशीर झालेला असतो. संमतिपत्र पहिल्या पाच मिनिटांत बोलून समजावायचं: मी शिकाऊ आहे, माझ्या सुपरवायझर अमुक आहेत, या या गोष्टी गुप्त ठेवता येणार नाहीत. शिपायापासून प्राध्यापकांपर्यंत सगळे तिला ‘डॉक्टर मॅडम’ म्हणणार, ते तिथल्या तिथे दुरुस्त करायला शिकवा.

विभागप्रमुखांनी कॉरिडॉरमध्ये गाठून ‘तो आमचा मुलगा येतो ना तुमच्याकडे, काय झालंय त्याला?’ असं विचारलं तर बावीस वर्षांची इंटर्न नाही कसं म्हणणार? तिला वाक्य तयार द्या: ‘सर, याबद्दल मॅडमशी बोला.’ पुढचा वाईटपणा तुम्ही घ्यायचा.

स्वतःच्या विभागातले, होस्टेलमधले क्लायंट तिला देऊ नका. वैयक्तिक व्हॉट्सअॅप नंबर देणं बंद. केंद्राचा स्वतंत्र फोन नसेल तर त्यासाठी प्रशासनाच्या मागे लागा.

तास भरले, इंटर्न गेली

१२० तास संपतात, सबमिशन होतं, इंटर्न परीक्षेच्या तयारीला लागते. क्लायंट नेहमीच्या वेळी येतो आणि समोर नवा चेहरा. पुढच्या वेळी तो येत नाही. आपण रजिस्टरमध्ये ‘ड्रॉपआउट’ लिहितो. इंटर्नची शेवटची तारीख पहिल्याच सेशनमध्ये क्लायंटला सांगायला लावा. शेवटच्या चार आठवड्यांत नवी केस देऊ नका. ज्यांचं काम अपुरं आहे त्यांच्यासाठी एक सेशन नव्या समुपदेशकासोबत तिघांनी मिळून घ्या आणि नव्याने येणाऱ्याने जुनी फाइल त्याआधी वाचलेली असेल एवढं बघा. तीच कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची वेळ आली की मुलं यायची थांबतात.