बॉइंक सतत थांबतंय, 'सीपीयू इज बिझी' दाखवतंय? यावर उपाय

बॉइंक म्हणजे पीसीची रिकामी ताकद विज्ञान संशोधनाला देणारा प्रोग्राम. त्यातून सांगलीत घरच्या विंडोज पीसीवरून आइन्स्टाइन ॲट होम या संशोधन प्रोजेक्टला हातभार लावतो. काम सुरू झालं की लगेच 'सस्पेंडेड'. प्रोजेक्ट रीसेट केला, बॉइंक पुन्हा टाकलं, वेबसाइटवर सेटिंग बदललं. डोकं फिरायची वेळ आली. (पीसीवर लोकल प्रेफरन्सेस, म्हणजे त्या पीसीपुरती सेटिंग्ज, सेव्ह असतील तर वेबसाइटचं चालत नाही.)

बॉइंकच्या व्ह्यू मेनूमधून ॲडव्हान्स्ड व्ह्यू घ्या. टूल्स, इव्हेंट लॉग. तिथे 'सीपीयू इज बिझी' दिसलं, तर ऑप्शन्स, कॉम्प्युटिंग प्रेफरन्सेस, कॉम्प्युटिंग टॅब. 'नॉन-बॉइंक सीपीयू युसेज' समोर मुळातच 25 टक्के असतं; इतर प्रोग्राम त्याहून जास्त सीपीयू वापरू लागले की बॉइंक थांबतं. अँटिव्हायरसचं स्कॅन ते सहज ओलांडतं. त्या ओळीची टिक काढा, सेव्ह करा. मग प्रोग्रामडेटातलं बॉइंक फोल्डर अँटिव्हायरसच्या अपवादांत टाका. प्रोग्रामडेटा लपवलेलं असतं, म्हणून पाथ (C:\ProgramData\BOINC) टाइप करा.

बॉइंक कमी प्राधान्याने चालतं, त्यामुळे टॅली अडत नाही. एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र त्याच टॅबवर सीपीयूचं प्रमाण 50 टक्क्यांवर आणा.