स्क्रॅचमध्ये रांगोळीचा खेळ कसा बनवावा

एका हाताने रेघ ओढायची आणि ती चारही बाजूंना उमटायची, असा खेळ स्क्रॅच 3.0 मध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम बनवायचं साधन) तासाभरात तयार होतो. खाली डाव्या कोपऱ्यातल्या बटणावरून आधी 'पेन' एक्स्टेन्शन जोडा. त्याशिवाय पेनचे ब्लॉक दिसतच नाहीत. पडद्यावरच्या मांजराला (अशा पात्राला स्क्रॅचमध्ये 'स्प्राइट' म्हणतात) 'हाइड' करा, लपलेलं असलं तरी त्याचं पेन चालतं. पार्श्वभूमी गेरूच्या रंगाची ठेवा.

1. खेळ सुरू करणाऱ्या हिरव्या झेंड्याच्या ब्लॉकखाली 'इरेज ऑल', 'पेन अप', 'सेट पेन साइज टू 4' आणि मग 'फॉरएव्हर' लावा.

2. फॉरएव्हरच्या आत आधी 'गो टू एक्स, वाय'मध्ये 'माउस एक्स' आणि 'माउस वाय' भरा. त्यानंतर माउस दाबलेला असेल तर 'पेन डाउन', नसेल तर 'पेन अप'. हा क्रम उलटा झाला तर माउसवर फारसं कळत नाही. टचस्क्रीनवर मात्र बोट उचलून दुसरीकडे टेकवलं, की जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत नको असलेली लांब रेघ ओढली जाते.

3. कळ 1 ला पांढरा, 2 ला पिवळा, 3 ला हिरवा. 0 ला गेरूचाच रंग, तोच खोडरबर. हा रंग अंदाजाने न निवडता ड्रॉपरने पार्श्वभूमीवरूनच उचला. वर-खाली बाणांनी जाडी 1 ने बदलू द्या. मूळ रेघेइतक्याच जाडीने पुसलं तर कडेला पुसट खूण राहते, म्हणून पुसताना जाडी वाढवावी.

4. हे सगळं नीट चाललं की मगच स्प्राइट तीनदा डुप्लिकेट करा. रंग आणि जाडी प्रत्येक स्प्राइटची वेगळी असते. घाईने आधीच नकला काढल्या तर एकच रेघ रंग बदलते, बाकीच्या तशाच राहतात. नकलांपैकी एकीत एक्सच्या जागी '0 - माउस एक्स', दुसरीत वायच्या जागी '0 - माउस वाय', तिसरीत दोन्ही.

आठ रेघांसाठी एक्स-वायची अदलाबदल करता येते. पण स्टेज (चित्राचा पडदा) 480 बाय 360 चं असल्याने एक्स 180 च्या पुढे गेला की त्या रेघा वर-खाली स्टेजबाहेर जातात.

ठिपक्यांना रेघ आपोआप चिकटवण्याची सोय मात्र टाळा. मग सगळ्यांच्या रांगोळ्या सारख्याच दिसू लागतात. 'अनडू' इथे नाही, त्यामुळे सगळं पुसायला स्पेसबार नको. दोन कळा एकत्र दाबल्यावरच 'इरेज ऑल' होऊ द्या.

प्रोजेक्ट सेव्ह केला तरी काढलेलं चित्र त्यात राहत नाही. पुन्हा झेंडा दाबण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.